मोहिते बाईंचं मैदान

मोहिते बाईंच्या घरी जायचं म्हणजे फाटकापासूनच आपण कोण ते सांगत जावं लागतं. तेही ओरडून नव्हे; साध्या बोलण्याच्या आवाजात, चालता चालता. "बाई, मी चौगुले. फाटक उघडलं. आता कडी लावतेय. चपला काढल्या. आले हं आत." असं स्वतःचंच समालोचन करत मी त्यांच्या उंबऱ्यातून आत शिरते. दूधवाला कसलंसं भजन म्हणत येतो. गॅसवाला सिलिंडर पायरीवर आपटत नाही, तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवावं तसा अलगद टेकवतो. आणि बाईंचे यजमान, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, घरात वावरताना सतत नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत असतात. त्यांना सुराचं अंग मुळीच नाही. पण ते आत्ता मोरीत आहेत, आता ओट्यापाशी आले, आता पलंगाच्या डाव्या अंगाला उभे आहेत, हे बाईंना मान न वळवता कळतं.

नव्या माणसाला हे घर खुळ्यांचं वाटेल. कारण एवढंच, की मागून अचानक हाक आली, भांडं पडलं किंवा न सांगता कुणी खांद्यावर हात ठेवला, की बाईंचं अंग लाकडासारखं ताठ होतं. उभ्या असल्या तर तशाच्या तशा आडव्या होतात. पडताना हात पुढे करणंही त्यांना जमत नाही. त्या वेळी ज्या कळा येतात, त्या बघणाऱ्यालाही सोसत नाहीत. आवाज येणार हे आधी ठाऊक असलं, तर मात्र अंग बरंच निभावून नेतं. म्हणून हा सगळा बंदोबस्त.

आणि या बाई कोण? तासगावातल्या आमच्या शाळेच्या खो-खोच्या बाई. बसलेल्या मुलीच्या पाठीवर मागून थाप मारायची आणि तिच्या कानाशी 'खो' म्हणून ओरडायचं, हे ज्यांनी मुलींच्या कितीतरी तुकड्यांना शिकवलं, त्या. नशिबानं इतकी नेमकी जागा शोधून घाव घालावा, याचा मला अजूनही राग येतो. बाईंना येत नाही.

मी या शाळेत विज्ञान शिकवायला आले त्या दिवशीच आमची गाठ पडली. सासर तासगावातच, बेदाण्याच्या शेडवाल्यांचं घर. नवी सून आणि नवी नोकरी, दोन्ही एकदम. कडक इस्त्रीची साडी नेसून, हातात काचेच्या नळ्यांचं खोकं सांभाळत मी मैदान ओलांडत होते. तेवढ्यात पलीकडच्या टोकाकडून तोफ धडाडली.

"आवं नव्या म्याडम! चपला घालून कुठं निघालाय? देव्हाऱ्यात जाता का चपला घालून?"

पदर कमरेला खोचलेल्या, अनवाणी, गळ्यात शिट्टी, काळ्याभोर आणि सडपातळ अशा एक बाई माझ्याकडे येत होत्या. येत होत्या म्हणजे धावतच. मी गडबडून चपला काढल्या, त्या नादात दोन नळ्या फोडल्या, आणि मोहिते बाईंनी त्या काचा स्वतःच्या हातांनी शेवटच्या कणापर्यंत वेचून काढल्या. "पोरींच्या पायात जातील," एवढंच म्हणाल्या. माझ्या पायांचं काय, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

बाई मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, खंडाळ्याकडच्या. वडील फौजेत, भाऊ फौजेत, नवराही फौजेतलाच. "आमच्यातली गडीमाणसं पलटणीत गेली, मी मैदानात आले," असं त्या सांगायच्या. "काम एकच, कपडं येगळं." मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, आणि हे मी कधी लपवलंही नाही. आमचं जैनाचं घर, जेवण दिवस मावळायच्या आत. त्यामुळे संध्याकाळी मी पर्स उचलून निघाले, की बाई मैदानातून ओरडायच्या, "पोरींनो, चौगुले म्याडम निघाल्या! शेवटचा डाव!" शाळेला घंटा होती, शिपाई होता, पण खो-खोच्या सरावाचं घड्याळ मीच होते.

त्यांची शिकवण सगळी पाठीवर होती. "पळणारीला टाळ्या मिळत्यात, पर डाव जिंकती बसणारी," हे त्या रोज म्हणायच्या. "पाठीला डोळं पायजेत, गं. थाप पडायच्या आधी पाठीला कळाय पायजे, आता माझी पाळी." बसलेल्या मुलींच्या रांगेमागून फिरत त्या मध्येच एखादीला खो द्यायच्या, आणि ती मुलगी चेंडू सुटावा तशी सुटायची. मला खेळ कळत नव्हता, पण ते सुटणं बघायला मी ग्रंथालयाच्या खिडकीत थांबत असे.

मग एका बेदाण्याच्या हंगामात बाईंची पाठ धरली. कुणाची धरत नाही? आमच्या शेडवर रोज एकीची कंबर धरलेली असे. कुणी उसण म्हणालं, कुणी चमक. सुभेदार तेव्हा नुकतेच निवृत्त होऊन घरी आले होते, त्यांनी तेल चोळलं आणि म्हणाले, "हिची पाठ हाताला लागतच न्हाई, फरशी चोळल्यागत वाटतंय." सांगलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी मणक्यात थोडं अंतर आहे म्हणून पट्टा दिला. बाई पट्टा बांधून मैदानात. कंबर पुढे, खांदे मागे, अशी त्यांची चाल झाली. मुली पाठीमागे नक्कल करायच्या आणि बाई बघून हसायच्या: "पोटुशी दिसतीया न्हवं मी? या वयात!"

पहिल्यांदा त्या पडल्या ते खेळातच. पाचवीच्या नव्या मुलींना दाखवायला म्हणून बाई स्वतः चौकोनात बसल्या. एका मोठ्या मुलीनं मागून थाप मारली, 'खो' म्हणाली, आणि बाई उठल्याच नाहीत. बसल्या जागी ताठ झाल्या आणि खांब उपटून पडावा तशा बाजूला कलंडल्या. मुलींना वाटलं, बाई गंमत करताहेत. सगळ्या खदखदून हसल्या. हसणं थांबलं ते बाईंच्या कपाळावरून रक्त आलं तेव्हा.

इथं बाईंनी जी चूक केली, ती खो-खोच्या बाईच करू जाणे. त्यांना वाटलं, आपला सराव कमी पडला. इतकी वर्षं दुसऱ्यांना खो देत राहिलो, स्वतः घ्यायची सवय मोडली. मग उपाय काय, तर सराव. दुसऱ्या दिवसापासून सकाळी शाळेआधी त्या चौकोनात बसायला लागल्या आणि मुलींना मागून खो द्यायला लावू लागल्या. "द्या. परत द्या. जोरात द्या. आंगाला सवय लागली की भ्या जातंय." मुली बिचाऱ्या बाईंचं ऐकणाऱ्या, देत राहिल्या. कुठल्याही माणसानं एक आवाज पुन्हा पुन्हा ऐकला की त्याला त्याचं काही वाटेनासं होतं. बाईंना मात्र प्रत्येक खो पहिल्यासारखाच लागायचा. महिनाभरात त्यांचे पायही धरले. ज्या मुलींनी तो सराव दिला, त्यांतल्या एक-दोघी अजून भेटल्या की तेवढंच बोलतात आणि रडतात. बाई त्यांना म्हणतात, "आगं, तुमी पोरींनी सांगितलेलं केलं. चुकीचं मीच सांगितलं."

शाळा आणि त्यांचं घर यांच्यामध्ये एक रस्ता आहे. रुंद काही नाही, पण वाहता. एकदा बाई मधोमध पोचल्या आणि द्राक्षांच्या क्रेटनी भरलेल्या ट्रॅक्टरनं हॉर्न वाजवला. बाई तिथंच रुतल्या. पाय जमिनीत पुरल्यासारखे. दोन्हीकडची वाहनं थांबली, एसटीचा कंडक्टर खाली उतरून "मावशी, चला की" म्हणाला, आणि त्याला वाटलं ही बाई मुद्दाम रस्ता अडवून उभी आहे. त्यानंतर तो रस्ता ओलांडायचा म्हटलं की बाईंना आधीच घाम फुटायचा, आणि घाम फुटला की पाय आखडायचे. एका डॉक्टरांनी हे ऐकलं आणि निदान केलं: मनाची भीती आहे. त्यांनी भीतीच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी बाईंना थोडं बरं वाटलं. झालं, गोळी लागू पडली, म्हणजे आजार मनाचाच, असा शाळेनं निकाल लावून टाकला.

शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. तिला खतपाणी घालणारी एक गोष्ट खरीच होती. बाईंना स्वतःच्या शिट्टीचा कधीच त्रास झाला नाही. कान किटतील अशी ती शिट्टी त्या फुंकायच्या आणि ढिम्म हलायच्या नाहीत. पण कुणाच्या हातून डस्टर पडला की त्या भिंत धरायच्या. "स्वतःची शिट्टी चालते, दुसऱ्याचा डस्टर चालत नाही. सोयीचा आजार आहे," असं एक सर म्हणाले, आणि खात्री करून घ्यायला त्यांनी एकदा बाईंच्या मागं मुद्दाम जाडजूड पुस्तक आपटलं. बाई कपाटावर आदळल्या, दोन दात हलले. मी त्या सरांना जे बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या घरात तशी भाषा कुणी वापरत नाही. बाई मात्र ओठाला रुमाल लावून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, चौगुले. त्यास्नी खो द्यायचा हुता. नीट देता आला न्हाई."

शेवटी मिरजेला मेंदूच्या एका डॉक्टरांकडे गेलो. सुभेदार, बाई आणि मी. विज्ञानाची शिक्षिका म्हणून मला नेलं होतं, म्हणजे डॉक्टर काय म्हणाले ते घरी येऊन मराठीत सांगायला. त्या डॉक्टरांनी बाईंची पाठ चाचपली, मग पोट चाचपलं. दोन्ही एकाच वेळी ताठ. मग त्यांनी बाईंना न विचारता सुभेदारांना विचारलं, "झोपेत यांचं अंग कसं असतं?"

सुभेदार लाजले. परेडच्या मैदानात गाजलेला तो माणूस खाली बघत म्हणाला, "झोपंत मऊच आस्तीया की. पयल्यासारखी."

डॉक्टरांनी मान हलवली. रक्त तपासायला दूर कुठं तरी पाठवलं. अहवाल आल्यावर त्यांनी नीट समजावलं. स्नायूला 'आवळ' असा निरोप जातो तसाच 'सोड' असाही जातो. बाईंच्या शरीरात दुसरा निरोप नीट पोचत नाही. रोगजंतूंपासून राखण करणारी शरीराची फौज असते, तीच चुकून घरच्यांवर उठली आहे आणि तो निरोप दाबून टाकते आहे. स्वतःच्या शिट्टीचा त्रास का होत नाही, तर ती आपण वाजवणार हे मेंदूला आधीच माहीत असतं. आणि त्या भीतीच्या गोळ्या स्नायूही सैल करतात, म्हणून बरं वाटलं होतं. आजार फार थोड्यांना होतो. डॉक्टरांनी स्वतःही असे रुग्ण क्वचितच पाहिले होते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे माज्याच पोरी मलाच बाद कराय लागल्या म्हणा की!"

डॉक्टर गोंधळले. सुभेदार मात्र असे हसले, की बाहेर बसलेले लोक आत डोकावले.

मग बाईंनी विचारलं, "फुडं काय हुणार?" डॉक्टर सांभाळून बोलले. औषधानं आवळणं कमी होईल, आजाराचा वेग मंदावेल. पण हळूहळू, वर्षांच्या मापानं, तो वाढू शकतो. काही वर्षं चांगली जातील, काही वाईट. काठी लागेल, कदाचित पुढं खुर्चीही. "यानं मरत न्हाई न्हवं माणूस?" "काळजी घेतली तर सहसा नाही." "मग येळ हाय," बाई म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. पुस्तक आपटणाऱ्या सरांना पहिला. "घ्या सर. माजं नाटक पास झालं." सरांनी पेढा घेतला, खाल्ला की नाही, मी बघितलं नाही. लोक दुखणं निघालं म्हणून कपाळाला हात लावतात. बाई आनंदात होत्या, कारण त्या खोटं वागत नव्हत्या, हे आता कागदावर होतं आणि त्याला नावही होतं.

त्यानंतरचा आजार मी मैदानाच्या मापानं बघितला. आधी बाई मुलींबरोबर धावायच्या; मग रांगेमागून नुसत्या चालायला लागल्या. मग एका खांबाला टेकून उभ्या राहायला लागल्या. औषधं आणि अधूनमधून मिरजेला लावायची ती महागडी सलाईन यांनी मधली काही वर्षं खरोखर चांगली गेली. काठी घेऊन का होईना, त्या रेषेवर असायच्या. मग एका थंडीत पुन्हा पाय धरले, आणि त्या रेषेवरून कडुनिंबाखाली आल्या. काठीची जागा वॉकरनं घेतली, वॉकरची चाकाच्या खुर्चीनं. दर खेपेला मला वाटायचं, आता या खचणार. दर खेपेला त्या नव्या जागेवर आठवडाभर कुरकुरायच्या आणि मग तिथून काय चांगलं दिसतं ते शोधून काढायच्या. "हितनं सगळ्यांच्या पाठी दिसत्यात बघा," कडुनिंबाखालून त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं मी उगंच पळत हुते."

घरात सुभेदारांनी दरवाजांना रबर लावलं, पलंगाभोवती गाद्या अंथरल्या, आणि मुख्य म्हणजे आपला आवाज आवरला. हे सोपं नव्हतं. या माणसानं तीस-तीस जवानांना एका हाकेत उभं केलेलं. ते बाईंसाठी भाकरी थापायला शिकले. थापताना आवाज होतो म्हणून प्रत्येक भाकरीआधी "थापतोय हं" म्हणायचे. बाई आतून म्हणायच्या, "आवं कळलं, थापा की एकदाची! बॉम्ब टाकताय का भाकर करताय?"

मैदानात मुलींनीही आपल्या परीनं बाईंना सांभाळलं, आणि तिथंच घोळ झाला.

दीपाली नावाची कप्तान होती. द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बाईची मुलगी, अंगानं काटकुळी, पण रांगेत बसली की बाईंना हवी तशी पाठीनं बघणारी. तिनं ठरवलं की बाई कडुनिंबाखाली असताना खो मोठ्यानं म्हणायचा नाही. फक्त थाप द्यायची आणि ओठ हलवायचे. बाईंच्या हे लगेच लक्षात आलं. त्या रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "चार दिस चालतंय. लय माया करत्यात पोरी." खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं होतं. त्या संध्याकाळी मी बघितल्या आहेत: मैदानावर पायांचा आवाज आणि श्वासांचा आवाज, बाकी काही नाही, आणि कडुनिंबाखाली बाई कळांशिवाय बसल्या आहेत, चेहरा सुखावलेला. चार दिवसांचे कधी चार महिने झाले, कुणालाच कळलं नाही.

सांगलीला सामने झाले तेव्हा बाई अर्थातच नव्हत्या. गर्दी, हलगी, फटाके. त्यांना तिथं नेणं शक्यच नव्हतं. महिला शिक्षिका सोबत हवी म्हणून मी गेले, चपला काढून रेषेबाहेर बसले. आमच्या मुली वाऱ्यासारख्या पळत होत्या. आणि पंचांची शिट्टी वाजत होती. खो न म्हणता उठवलं, फाऊल. पुन्हा फाऊल. मी इथून ओरडतेय, "अगं, म्हण ना, मोठ्यानं म्हण!" दीपालीनं तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि आवाज आला नाही. ज्या मुलींशी आम्ही कधी हरलो नव्हतो, त्यांच्याशी हरलो. परतीच्या एसटीत एकीनंही डबा उघडला नाही.

बाईंना मी सगळं सांगितलं. लपवून उपयोग नव्हता. त्या माझ्या चेहऱ्यावरून डाव ओळखायच्या. सुभेदार गुणगुणत बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्या मैदानात आल्या, खुर्ची कडुनिंबाखाली लावून घेतली, सुभेदारांना मागं खांदे धरून उभं केलं, आणि मुलींना म्हणाल्या, "बसा. आन आता वरडा. मला काय हुयाचं ते हू दे, मी बांधून घेतलंय."

खरंच त्यांनी छातीवरून पट्टा बांधून घेतला होता. मुली बसल्या. पहिलीनं थाप दिली, तोंडातून नुसती हवा. दुसरीचं तेच. बाई म्हणाल्या, "आगं वरड की, भवाने!" तेव्हा दीपाली चौकोनातच रडायला लागली.

"बाई, तोंड उघडलं की आवाजच फुटत न्हाई, सांगलीत बी तसंच. तुमी पडताना दिसताय."

मी बाईंकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या कळांनी कळवळल्या होत्या, पण रडल्या नव्हत्या. आता डोळे भरून आले आणि ते पुसायला हात वर होईना, म्हणून सुभेदारांनी पुसले.

घरी गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. "चौगुले, माझ्यापायी पोरी मुक्या झाल्या. माजा रोग त्यांच्या गळ्यात उतरला. त्याला मिरजेचं औषध न्हाई. उद्यापासनं मी मैदानात येणार न्हाई. तुमी जावा."

"मी?" मी म्हटलं. "बाई, मला अजून बसणाऱ्या किती आणि पळणाऱ्या किती ते मोजावं लागतं."

"तुमाला कशाला कळाय पायजे? खेळ पोरींना कळतोय. तुमी नुसतं हजर ऱ्हावा. कुणी पडलं तर उचला, कुणी रुसलं तर समजवा. आन एक, त्या मैदानात मी न्हाई म्हणून तोंड पाडून बसू नका. मैदान माजं नव्हतंच कधी. मला तिथं जागा हुती, तेवढंच."

मला त्यांचं हे बोलणं पटलं नाही. आजही पटत नाही. काठी आली, खुर्ची आली, तेव्हा आजारानं त्यांना हलवलं होतं. या वेळी त्या स्वतः उठून गेल्या. मी भांडले. म्हणाले, मुलींना हळूहळू सवय होईल. त्या म्हणाल्या, "सवयीची गोष्ट मला सांगू नका. त्या सरावाला मी एकदा भुललेय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मैदानात गेले. कडुनिंबाखाली कुणी नव्हतं. मुली रांगेत बसल्या, पण नजरा सगळ्या फाटकाकडे. डाव सुरू झाला आणि पुन्हा तेच: थाप आणि हलणारे ओठ. सांगलीसारखंच, बाई नव्हत्या, तरी आवाज फुटत नव्हता. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"काय चाललंय?" बाई.

"खेळताहेत."

"खोटं बोलताय. मला ऐकू येत न्हाई."

बाईंचं घर रस्त्यापलीकडे, मैदानाच्या भिंतीपासून चार घरं सोडून. मी मुलींना सांगितलं, "बाई म्हणताहेत, ऐकू येत नाही." मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं दबकत 'खो' म्हटलं. मी फोन कानाला लावला.

"न्हाई आलं," बाई म्हणाल्या.

"न्हाई आलं," मी सांगितलं. आणखी एकीनं जरा मोठ्यानं म्हटलं.

"न्हाई. मधी टेंपो गेला, त्याचंच आलं. सांगा त्यास्नी, मी खिडकी उघडून बसलेय. सुभेदार खुर्ची धरून उभं हायत. मला ठावं हाय आवाज येणार हाय. मी वाट बघतेय. यीना का!"

हे सगळं मी मुलींना जसंच्या तसं सांगितलं. दीपाली उठली, दोन पावलं मागं गेली, पुढच्या मुलीच्या पाठीवर थाप मारली आणि अशी ओरडली, की ग्रंथालयाच्या छपरावरची कबुतरं उडाली. पुढची मुलगी ओरडली. तिच्या पुढची ओरडली. रांगच्या रांग पेटली.

फोनवर काही ऐकू येईना. मी घाबरले. "बाई? बाई, काय झालं? आखडलात का?"

पलीकडे सुभेदारांचं बेसूर गुणगुणणं चालू होतं. मग बाईंचा आवाज आला, सैल, श्वास भरून घेतलेला.

"आलं," त्या म्हणाल्या. "आन बघा चौगुले, मला काय बी झालं न्हाई. हितवर ते मऊ हून येतंय." आणि लगेच म्हणाल्या, "तिसरी पोरगी उशिरा उठली. परत घ्या."